धडधाकट पोराचं रक्त

मी तक्ता बोलतोय. परळच्या एका बाळंतिणींच्या इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीत, भिंतीवर सात वर्षं टांगलेला. निरोगी माणसाच्या रक्तात काय किती असावं, त्याचे आकडे माझ्यावर छापलेले आहेत. साखर इतकी, कॅल्शियम इतकं, डोळे पिवळे करणारं पित्त इतकं. रक्ताचा आकडा आला की लोक माझ्याकडे बघायचे आणि माणूस बरा की आजारी ते ठरवायचे.

मी चिडलेला आहे, हे आधीच सांगतो. तक्त्याने गप्प टांगून राहावं अशी लोकांची अपेक्षा असते. पण माझ्या अंगावरच्या एका ओळीमुळे एक मुलगी गेली, आणि ती ओळ तिच्याविषयी नव्हतीच. हे सांगताना आवाज चढला तर चढू दे.

माझा जन्म विलायतेतला. प्रयोगशाळांना लागणारी रसायनं विकणाऱ्या एका कंपनीने मला छापलं, पाठीला कापड चिकटवलं, वर आणि खाली काळ्या लाकडी पट्ट्या बसवल्या. मी विकायचा माल नव्हतो. रसायनांच्या बाटल्या घेतल्या की मी फुकट. बोटीतून उतरल्यावर आठ महिने कॉटन ग्रीनच्या एका गोदामात गुंडाळलेला पडून होतो. शेजारी कापसाच्या गाठी होत्या. त्यांना बाहेर मागणी होती, मला नव्हती.

त्रेपन्न साली कंपनीच्या एजंटाने मला परळला आणलं. खोलीतली काचेची भांडी धुणारे शामराव तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी दोन खिळे ठोकले, मला टांगलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "दिसतो तरी रुबाबदार." तेव्हापासून रोज सकाळी ते मला पुसत. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण आकडे कळायचे.

ती खोली म्हणजे वेगळी खोली नव्हतीच. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या टोकाला लाकडी पार्टिशन घातलं होतं, तेही छातीपर्यंत. पलीकडे तीस खाटा. म्हणून वॉर्डातलं सगळं मला ऐकू यायचं. बायकांचं कण्हणं, पोरांचं रडणं, भेटीच्या वेळेला सासवांचे सल्ले, आणि दिवसातून तीनदा गिरणीचा भोंगा.

माणसांची एक खोड मला पहिल्या महिन्यातच कळली. आकडा हातात आला की माणूस पेशंटकडे बघायचं सोडतो. एक बोट चिठ्ठीवर, एक बोट माझ्यावर. दोन बोटं जुळली तर सुस्कारा, नाही जुळली तर धावपळ. ज्याचं रक्त काढलं तो दहा हातांवर निजलेला असतो, पण त्याच्याकडे जायला कुणाला वेळ नसतो.

आणि माझ्या तळाशी, पट्टीला लागून, बारीक अक्षरांत एक ओळ होती. हे आकडे वीस ते चाळीस वयाच्या निरोगी पुरुषांचे आहेत, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे थंड देशातले शिपाई, कारकून, विद्यार्थी. रात्री पोटभर जेवलेले आणि सकाळी न्याहारीआधी बाही वर करून रांगेत उभे राहिलेले. त्यांच्यात एक बाई नव्हती. बाळ तर नव्हतंच. अशा तक्त्याला बाळंतिणींच्या इस्पितळात टांगलं. मला बोलता आलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की मी इथला नाही, मला खाली उतरवा.

चोपन्न साली सुनेत्रा दिघे कामाला लागल्या. राहायच्या गिरगावात फणसवाडीत, बी.एस्सी. झालेल्या, वय तेवीस. हात इतका स्थिर की पिपेटमधला थेंब त्यांच्या मर्जीशिवाय पडायचा नाही. रक्ताच्या एका थेंबावर साखर मोजायची नवी पद्धत त्यांनी शिकून घेतली होती. त्यामुळे आमच्याकडे नवजात पोरांची साखर मोजता येऊ लागली. आधी येत नव्हती, कारण एवढ्याशा जिवाचं चमचाभर रक्त कोण काढणार?

मोठे डॉक्टर होते रघुवीर नाबर. परदेशात शिकून आलेले. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. सकाळी सर्वांच्या आधी यायचे, गरीब बाईशीही नीट बोलायचे. पण त्यांचा आकड्यावर विश्वास होता, डोळ्यांवर नव्हता. डोळे फसतात, आकडा फसत नाही, असं ते शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे. त्यांनीच नियम केला, साडेपाच पौंडांच्या आत वजन भरलेल्या प्रत्येक बाळाची पहिल्या दिवशी साखर तपासायची. नियम चांगला होता. अडचण एवढीच की आलेला आकडा ताडून बघायला भिंतीवर मी होतो.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. लालबागला गोळीबार, परळला गोळीबार, गिरगावात गोळीबार. मग कर्फ्यू. कामावर आलेल्या सुनेत्राबाई तीन दिवस इस्पितळातच अडकल्या. नाबर डॉक्टर दादरला आपल्या घरी अडकले. इस्पितळात एक ज्युनिअर डॉक्टर, दोन सिस्टर, शामराव आणि भरलेल्या तीस खाटा.

अशात दुपारी जाईबाई आली. डिलाईल रोडच्या चाळीतली, गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात काम करणारी. कळा सुरू झाल्या तशी नवऱ्याबरोबर चालत निघाली होती. नवऱ्याचं नाव गुणाजी. त्याने काठीला पांढरा पंचा बांधून हात वर धरला होता. दोन ठिकाणी पोलिसांनी थांबवलं, दोन्ही ठिकाणी तिने पदर बाजूला करून पोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या भोंग्याच्या वेळेला तिला मुलगी झाली. पण भोंगा वाजला नाही, गिरण्या बंद होत्या. त्यामुळे त्या पोरीचं पहिलं रडणं सबंध वॉर्डाला ऐकू गेलं. शामराव हातातली नळी तशीच धरून म्हणाले, "आवाज आहे हो पोरीला." वजन भरलं पाच पौंड सहा औंस. नियमाला दोन औंस कमी.

सुनेत्राबाई टाचेतून थेंब घ्यायला गेल्या तेव्हा पोरगी आईच्या छातीशी लागली होती. थेंब घेतला, परत आल्या, अर्ध्या तासाने आकडा आला. सेहेचाळीस. शंभर सी.सी. रक्तात सेहेचाळीस मिलिग्रॅम साखर. त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा सेहेचाळीस. ज्युनिअर डॉक्टरांनी दादरला टेलिफोन लावला, बोलणं करून दिलं आणि ते दुसऱ्या खाटेकडे धावले. टेलिफोन पार्टिशनच्या आमच्या बाजूला होता. ते बोलणं माझ्यासमोर झालं.

"सेहेचाळीस? नक्की?" नाबर डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज मोठा, मला स्पष्ट ऐकू येत होता.

"दोनदा मोजली सर."

"तक्ता काय म्हणतो?"

सुनेत्राबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "ऐंशी ते एकशेवीस."

"मग?"

"सर, बाळ गुलाबी आहे. रडतंय चांगलं. दूध ओढतंय."

"मिस दिघे, निम्मी साखर आहे. कधीही झटके येतील. दूध थांबवा, आईजवळून हलवा, शिरेतून ग्लुकोज सुरू करायला सांगा. संध्याकाळी परत मोजा."

"सर, एकदा बघायला कुणी..."

"कर्फ्यू आहे, मी येऊ शकत नाही. म्हणून तर आकडा विचारतोय."

टेलिफोन ठेवून सुनेत्राबाई ज्युनिअर डॉक्टरांना निरोप सांगायला गेल्या. मी भिंतीवर लटकत होतो, माझ्या तळाशी ती बारीक ओळ होती आणि मला ओरडता येत नव्हतं. त्या वेळी इतका हताश झालो की खिळा निसटून पडावं असं वाटलं. तेवढंही झालं नाही. शामरावांनी खिळे पक्के ठोकले होते.

पोरीला बाजूच्या खोलीत नेलं. शीर सापडेना, म्हणून घोट्यापाशी कातडी कापून सुई घातली. संध्याकाळी साखर वाढली. दुसऱ्या दिवशी सुई सरकली, साखर बावन्नवर आली. पुन्हा सुई, दुसऱ्या घोट्याला. कर्फ्यू उठला आणि नाबर डॉक्टर आले तेव्हा एक पाय सुजून लाल झाला होता. पू झाला, ताप आला, पेनिसिलिन दिलं. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली.

त्या सहा दिवसांत जाईबाईला पोर जवळ दिली नाही. तिचा पान्हा दाटून चोळी भिजायची. दूध आटावं म्हणून सिस्टर तिला छातीला पट्टा बांधून द्यायच्या. शेवटी तिला सांगितलं, तुमच्या मुलीच्या रक्तात साखर कमी होती. कागदावरही तेच लिहिलं.

ती पार्टिशनपाशी आली, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सुनेत्राबाईंना विचारलं, "माज्या दुधात साखर नव्हती काय ओ बाई?"

मग ती गुणाजीबरोबर निघून गेली.

त्यानंतर आठवडाभराने सुनेत्राबाई माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. त्यांनी मला वरपासून वाचायला सुरुवात केली. तळाशी आल्यावर भिंग आणलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"शामराव, हे बघितलंत कधी?"

"रोज पुसतो की. काय लिवलंय?"

"हे सगळे आकडे मोठ्या पुरुषांचे आहेत."

शामराव फडकं खांद्यावर टाकून जवळ आले. "म्हणजे बाळांचे न्हाईत?"

"एकाही बाळाचे नाहीत."

त्या तशाच नाबर डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या. दार उघडं होतं. पहिलं काही कळलं नाही, नंतर आवाज वाढले तेव्हा कळलं.

"लहान मुलांत फरक असतो, हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला?" डॉक्टर म्हणत होते. "पण किती फरक? पहिल्या दिवशी किती, पाचव्या दिवशी किती? पंचेचाळीस चालतं? तीस चालतं? सांगा. परदेशातली पुस्तकं दहा-पंधरा मुलांवर काहीतरी लिहितात, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. इथल्या मुलांचं तर कुणी काहीच लिहिलेलं नाही. माझ्यासमोर आकडा नव्हता."

"बाळ होतं ना सर."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "निरोगी मुलांचे आकडे आणा. शंभर तरी आणा. मी अडवणार नाही. पण सक्ती करायची नाही, आणि इस्पितळाचं काम सांभाळून. निरोगी पोराला टोचू देणारी आई मिळते का, ते आधी बघा."

मिळाली नाही. जाईबाईच्या पोरीची गोष्ट चाळींतून फिरली होती. पार्टिशनच्या पलीकडच्या बाईने एकदा आमचं रक्त घेतलं की पोर बाजूच्या खोलीत जातं आणि परत येत नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. त्यांचं काय चुकलं? सुनेत्राबाई खाटेजवळ गेल्या की बाया पोराचे पाय दुपट्यात गुंडाळून घ्यायच्या. पाच आठवड्यांत तीन पोरं मिळाली.

मग एके दिवशी पहिली पाळी सुटल्यावर जाईबाई आली. लुगड्यावर कापसाचे तंतू तसेच होते. ती भांडायलाच आली होती. ते मला आवडलं. इतके दिवस माझ्यासमोर कुणी भांडलंच नव्हतं.

"आकडा कोणी सांगितला टेलिफोनवर?" तिने विचारलं. "शिस्टर म्हंतात लॅबवालीनं. तूच का ती?"

"मी," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"चुकीचा सांगितलास?"

"नाही. आकडा बरोबर होता. ज्याच्याशी ताडून बघितला तो चुकीचा होता. हा तक्ता." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा मोठ्या माणसांचा आहे, गोऱ्या लोकांचा. तुमची मुलगी आजारी नव्हती, असं मला आता वाटतं. पण सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही."

जाईबाई आत आली. माझ्यासमोर उभी राहिली. वाचता येत नव्हतं तिला. तिने माझा खालचा कोपरा मुठीत धरला आणि ओढला. कागद फाटला, कापड टरकलं, एक खिळा उपटून आला. मी एका बाजूने लोंबकळू लागलो. शामराव पुढे झाले, पण सुनेत्राबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

मला बरं वाटलं. खरंच सांगतो. तीन वर्षांत मला माझ्या लायकीप्रमाणे कुणी वागवलं नव्हतं.

जाईबाई खाली बसली, फाटका तुकडा तिच्या मुठीतच होता. दमल्यासारखा श्वास घेत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लहान पोरांचा तक्ता नसतो?"

"नाही. करायचाय. पण आया रक्त देत नाहीत."

"का न्हाय देत?"

"तुमच्या मुलीमुळे."

जाईबाईने मूठ उघडून फाटक्या तुकड्याकडे पाहिलं. मग विचारलं, "किती पोरांचं रगत लागंल?"

"शंभर. आणि ती पुढेही नीट वाढताहेत, हे बघावं लागेल. नाहीतर निरोगी होती असं कसं म्हणणार?"

"मी बोलते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की ती यायची. इस्पितळाने तिला काही दिलं नाही, तिने मागितलंही नाही. नळावर हात धुवायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि खाटा फिरायची. पहिली खाट मला आठवते. वरळी कोळीवाड्याची बकुळा, तिचं तिसरं बाळंतपण, मुलगा सात पौंडांचा.

"माजं पोर चांगलं हाय," बकुळा म्हणाली. "दूध पितंय, झोपतंय. आजारी न्हाय तर टोचायचं कशाला?"

"चांगलं हाय म्हणूनच," जाईबाई म्हणाली. "आजारी पोराचं रगत सगळे बघतात. धडधाकट पोराचं कुणी बघितलंच न्हाय. म्हणून माजी गेली."

बकुळाने विचारलं, "ती तुजी काय गं? कर्फ्यूतली?"

"माजीच."

पार्टिशनच्या पलीकडे खाट करकरली. मग बकुळाचा आवाज आला, "घे. पण पाय तू धर."

तेव्हापासून प्रत्येक पोराचा पाय जाईबाईनेच धरला. आधी ती टाच आपल्या तळहातांत घेऊन ऊब द्यायची, म्हणजे एका टोचण्यात थेंब येई. थेंब घेतला की पोर लगेच आईच्या छातीशी लावायचं, ही तिची अट. पहिल्या दिवशी एक थेंब, तिसऱ्या दिवशी एक, आणि घरी जायच्या, म्हणजे दहाव्या, दिवशी एक. एखादीने नाही म्हटलं तर जाईबाई तिला दुसऱ्यांदा विचारत नसे.

घरी गेलेली पोरं बघायलाही तीच जायची. रविवारी सुट्टीच्या दिवशी चालत. कोळीवाड्याच्या बोळांत, कॉटन ग्रीनच्या चाळींत, लालबागच्या गल्ल्यांत. सोमवारी येऊन सांगायची, "ती सात नंबरवाली कौसल्या, तिचं पोर मस्त हाय, मांड्या भरल्यात." सुनेत्राबाई वहीत लिहायच्या. एकदा म्हणाली, "वीस नंबरचं लिहू नको. त्याला हगवण लागलीय." सुनेत्राबाईंनी त्या पोराचे आकडे खोडले. पुढे ते बरं झालं, तरी वहीत परत घेतलं नाही.

दोन वर्षं चाललं हे. बाहेर मोर्चे निघत होते. गुणाजी सत्याग्रहात दोनदा तुरुंगात गेला. छप्पनच्या डिसेंबरात जाईबाईची सगळी चाळ अंत्ययात्रेमागून दादरच्या समुद्राकडे चालत गेली. त्यानंतर चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी आली, हात धुतले आणि खाटांकडे वळली.

मला तेव्हा एका गोष्टीचा फार राग यायचा. खिडकीखालून माणसं ओरडत जायची, आमचं राज्य आमच्या भाषेत हवं म्हणून. रास्त होतं. पण इथे, भिंतीच्या आत, त्याच माणसांच्या पोरांना जन्मल्या क्षणी परक्याचं माप लावलं जात होतं. यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. एक गिरणीतली बाई आणि एक फणसवाडीतली मुलगी, एवढ्या दोघींचाच हा मोर्चा. कुठल्याही वर्तमानपत्रात त्याची ओळ छापून आली नाही.

साखरेचे आणि पित्ताचे आकडे जमत गेले. सुनेत्राबाई ते मोठ्याने वाचून शामरावांना ऐकवायच्या, म्हणून मला पाठ आहेत. धडधाकट पोराची पहिल्या दिवसाची साखर बहुतेक चाळीस ते साठ. आठवडाभरात वर चढते. पित्ताचा पिवळेपणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या आकड्याच्या आठपट, कधी दहापट, आणि दहाव्या दिवसापर्यंत आपोआप उतरतो. माझ्या हिशेबाने पाहिलं तर ती सगळी पोरं आजारी. प्रत्यक्षात त्यांच्या मांड्या भरत होत्या.

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये एकशेबारा पोरांची वही पुरी झाली. नाबर डॉक्टर स्वतः आमच्या खोलीत आले, स्टुलावर बसले आणि पान पान वाचू लागले. तासभर वाचलं. त्यांचं बोट वहीवरून हलत होतं, माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग ते पहिल्या पानावर परत आले.

"ही पहिली नोंद कसली? मुलगी, पाच पौंड सहा औंस, सेहेचाळीस, निरोगी. तारीख जानेवारी छप्पन. तेव्हा तर काम सुरूच झालं नव्हतं."

सुनेत्राबाई उभ्या होत्या. दाराशी जाईबाई होती, पाळी सुटून आलेली.

"ती जाईबाईंची मुलगी आहे सर."

डॉक्टरांनी वही मिटली. "ते मूल दगावलं, मिस दिघे. दगावलेलं मूल निरोगी म्हणून कसं घालता येईल? खोडा ते."

"दगावलं सहाव्या दिवशी, पू होऊन. हा आकडा पहिल्या सकाळचा आहे, सुई घालायच्या आधीचा. त्या वेळी ती रडत होती, दूध पीत होती. या एकशेबारापैकी एकोणतीस मुलांची साखर पहिल्या दिवशी सेहेचाळीसच्या खाली होती. ती सगळी जिवंत आहेत."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? ही नोंद राहिली तर त्याचा अर्थ मी..."

जाईबाई पुढे आली. "डाक्टर, तुमी कागदावर लिवलंत, साखर कमी व्हती. बाया मला अजून इचारतात, पोटुशी असताना तू खाल्लं न्हायस काय. सासू म्हंते, तुजं दूधच पाणचट. दोन वर्सं ऐकतेय. माजी पोर धड व्हती. तसं लिवा."

"जुना कागद बदलता येत नाही, बाई. तो म्युनिसिपालिटीत गेला."

"तो नका बदलू. ह्या वहीत लिवा. तुमच्या हातानं."

नाबर डॉक्टरांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. तोवर मी त्या माणसावर भरपूर चिडून घेतलं होतं, आणि अजूनही सोडलेलं नाही. पण त्यांनी खिशातलं पेन काढलं हे सांगायला हवं. वही उघडली. सुनेत्राबाईंनी पेन्सिलीने लिहिलेल्या 'निरोगी' या शब्दावर त्यांनी शाईने तोच शब्द गिरवला आणि पुढे सही केली.

मग त्यांनी विचारलं, "नाव काय होतं?"

"बारसं कुठं झालं," जाईबाई म्हणाली. मग म्हणाली, "विशाखा लिवा."

त्यांनी लिहिलं. मग मान खाली घालूनच म्हणाले, "जाईबाई, मी तेव्हा यायला हवं होतं."

"कर्फ्यू व्हता," ती म्हणाली. "पन टेलिफोन व्हता ना. पोर कशी हाय, एवढं इचारायचंत."

ती नळावर गेली, हात धुतले. त्या दिवशी खाटा फिरायच्या नव्हत्या तरी धुतले. आणि घरी गेली.

त्यानंतर आमच्या इस्पितळात पंचेचाळीस-पन्नासच्या आकड्यावर कुणा पोराची शीर कापली नाही. बाळांचे आकडे सुनेत्राबाईंनी जाड कागदावर मराठीत लिहून काढले. दिवस पहिला, दिवस तिसरा, दिवस दहावा. तो कागद माझ्या शेजारी लागला. नाबर डॉक्टरांनी पुढे डॉक्टरांच्या सभेत त्या आकड्यांवर निबंध वाचला म्हणे. जाईबाईचं नाव त्यात होतं की नाही, मला ठाऊक नाही. सभेला मला कुणी नेलं नव्हतं.

आता साठ साल चालू आहे. मेच्या पहिल्या तारखेला राज्य मिळालं, इस्पितळावर दिव्यांच्या माळा लागल्या, त्याआधी भिंतींना चुना मारला. चुना मारताना मला खाली उतरवलं ते परत टांगलं नाही. शामराव निवृत्त होऊन गावी गेले. सुनेत्राबाई लग्न होऊन दादरला गेल्या, दुसऱ्या इस्पितळात काम करतात. मी त्याच खोलीतल्या कपाटावर गुंडाळून पडलोय, एक कोपरा नसलेला. पाली माझ्या नळीतून ये-जा करतात.

माझी स्वतःसाठी काही मागणी नाही. मला जाळलं तरी चालेल. पण खाली भिंतीवर तो नवा कागद आहे आणि नव्या आलेल्या मुलीचं बोट आता त्याच्यावरून फिरू लागलंय. एक बोट चिठ्ठीवर, एक बोट कागदावर. परवा तिने शिकाऊ डॉक्टरांना तेहतीस आकडा सांगितला आणि दोघं कागदापाशी वाद घालत उभे राहिले. तेवढ्या वेळात पार्टिशनच्या पलीकडे एक पोर मलूल आवाजात कण्हत होतं. मला वरून ऐकू येत होतं. शेवटी खाटेवरची आईच उठली, टाके ओढले जात असताना चालत आली आणि कठड्यावर हात आपटून म्हणाली, "ओ, इकडं या आधी. पोराला बघा."

ते गेले. पोराला खरोखरच साखर हवी होती, ती वेळेत मिळाली. त्या बाईचं नाव मला कळलं नाही. तिला माझा नमस्कार सांगा.